एकशे दहा पोती : सांगलीच्या एका हळद पेढीवरील निर्णयाचे प्रकरण

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील एका जुन्या हळद पेढीवर प्रयोगशाळेचा दोन पानांचा अहवाल आला आणि त्यातल्या एका आकड्यावरून घरातली तीन माणसे पुढचे तीन आठवडे एकमेकांशी नीट बोलली नाहीत. आकडा शिशाचा होता : किलोला २.८ मिलिग्रॅम. माल इथेच विकायचा असता तर तो कुणी दुसऱ्यांदा वाचलाही नसता, कारण आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांत हळदीसाठी शिशाची कमाल मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. पण माल हॅम्बुर्गला जायचा होता, आणि युरोपीय संघाने ऑगस्ट २०२१ च्या अखेरीपासून मुळे व कंद या वर्गातल्या मसाल्यांसाठी ही मर्यादा १.५ मिलिग्रॅम ठरवली होती.

हे प्रकरण मी सायंकाळच्या व्यवस्थापन वर्गाला गेली दोन वर्षे शिकवतो आहे. पेढीने कागद दाखवले, तिघांनीही वेगवेगळे बसून आपापली बाजू सांगितली आणि नाव कुठेही येऊ नये एवढीच अट घातली. त्यामुळे थोरल्या भागीदारांना येथे आण्णा, धाकट्यांना काका आणि आण्णांच्या मुलीला केवळ मुलगी म्हटले आहे. घरात त्यांना याच नावांनी हाक मारतात, त्यामुळे फारसे काही बदललेलेही नाही.

पेढी आणि अभ्यासक्रम

पेढी आण्णांच्या आजोबांनी सुरू केली. त्या काळी सांगलीची हळद कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत भरून ठेवत. माल डोळ्यांआड, वर माती, आणि भरवसा पेव राखणाऱ्याच्या शब्दावर. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली, त्यात या पेढीचा मालही गेला, आणि तेव्हापासून साठवण गोदामात व शीतगृहात होऊ लागली. खरेदी व सौदे काकांकडे, बँक आणि निर्यात आण्णांकडे, अशी वाटणी वीस वर्षांची आहे. निर्यात म्हणजे मुख्यतः आखाती देश, तीही मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत. स्वतःच्या नावाने थेट युरोपला पाठवायचा हा पहिलाच कंटेनर होता आणि तो मुलीच्या खटपटीमुळे मिळाला होता.

मुलगी सांगलीतच अभियांत्रिकी शिकली, तीन वर्षे पुण्यात नोकरी करून परतली आणि पेढीचे काम बघता बघता एका परदेशी विद्यापीठाच्या दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसली. विषय होता लिबरल स्टडीज, भर आंतरराष्ट्रीय व्यवसाय-नेतृत्वावर. आपल्याकडे या प्रकारच्या शिक्षणाची ओळख कमी आहे, म्हणून दोन शब्द. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी, त्यातही शाळाशिक्षकांसाठी, असा पदव्युत्तर अभ्यास सुरू केला आणि पुढे तो इतरत्र पसरला. त्यात एका विषयाचा विभाग नसतो. विद्यार्थी आपल्या कामातून आलेला प्रश्न घेऊन येतो आणि त्याच्यासाठी इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य, विज्ञान यांपैकी जे लागेल ते वाचतो. अलीकडे काही ठिकाणी अशा अभ्यासाला व्यवसाय-नेतृत्वासारखी एखादी विशेष शाखा जोडलेली असते. 'नेतृत्व' हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावात दिसला की मी स्वतः थोडा सावध होतो, कारण तो बहुधा शुल्क वाढवण्यासाठी आलेला असतो. पण या मुलीच्या वाचनाच्या याद्या मी पाहिल्या आहेत आणि त्या प्रामाणिक होत्या.

काकांना हे सगळे चेष्टेचे वाटे. "नाटकं वाचून धंद्याची डिग्री मिळते होय?" असे ते चारचौघांत म्हणत. यात थोडी गंमत अशी की काका स्वतः पक्के नाटकवेडे, आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' याच गावात केले याचा अभिमान पाहुण्यांना ऐकवणारे.

दुसऱ्या सत्रात मुलीने हळदीच्या पेटंटवर निबंध लिहिला होता. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले; आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. निबंधाला चांगले गुण मिळाले, आण्णांनी त्याची प्रत काढून पेढीवर ठेवली. ती प्रत अहवालाच्या दिवशीही गल्ल्यामागच्या फळीवर होती.

कागद आणि पोती

करार साधा होता. पॉलिश केलेली हळकुंडे, १६ टन, पन्नास किलोची ३२० पोती, दर सीआयएफ हॅम्बुर्ग, म्हणजे भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद मिळाले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर; जहाजावर माल चढवण्याची शेवटची तारीख ३० जून. मालासोबत द्यायच्या कागदांत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि माल युरोपीय संघाच्या नियमांत बसणारा असावा असे एक वाक्य होते. कोणत्या देशाचा कायदा लागू राहील याविषयी करारात काहीच नव्हते. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात जर्मनी आहे, भारत नाही. त्यामुळे भांडण झालेच तर प्रश्न नियमांच्या आधीच नियम कोणते यावर अडला असता. मुलीने हे आण्णांना मार्चमध्ये सांगितले होते. आण्णांनी "पहिल्याच सौद्यात भांडणाची भाषा नको" म्हणून ते सोडून दिले, आणि सांगलीच्या व्यापारी रीतीला ते धरूनच होते.

लेटर ऑफ क्रेडिटची एक गोष्ट येथे नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचा पेच कळणार नाही. जगभरच्या बँका यासाठी जे समान नियम पाळतात त्यांनुसार बँक कागद तपासते, माल तपासत नाही. अहवालावरचा आकडा बरोबर असेल, तारखा जुळत असतील, सही-शिक्का असेल, तर पैसे मिळतात. पोत्यात काय आहे हे बँक विचारत नाही आणि विचारायचेही नसते. म्हणजे कागद खरा ठरतो तो नमुन्यावर, आणि नमुना कोणत्या पोत्यांतून काढायचा हे पोती ज्याच्या गोदामात आहेत तोच ठरवतो. पूर्वी पेवावरच्या माणसाच्या शब्दावर जो भार होता, तोच आता गोदामात बसून नमुना भरणाऱ्याच्या हातावर येतो.

या वेळी नमुना मुलीने स्वतः उभे राहून काढला होता. हळकुंडात धान्यासारखी परखी घुसत नाही. पोत्याचे तोंड उसवायचे, कोपरापर्यंत हात घालून तळची, मधली आणि वरची अशी मूठ-मूठ काढायची, पुन्हा शिवायचे. ३२० पोती, दोन हमाल, पावणेदोन दिवस. काकांच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता, कारण रीत अशी की वरच्या थप्पीतली दहा-बारा पोती उघडली की नमुना झाला.

दोन-तीन चमचे

२.८ हा सगळ्या मालाचा सरासरी आकडा होता. मुलीने पेढीची खरेदी वही काढली. ३२० पैकी २१० पोती वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून अडतीमार्फत आलेली आणि पेढीच्या नेहमीच्या ठिकाणी पॉलिश झालेली होती. उरलेली ११० माल कमी पडला म्हणून मे महिन्यात तयार पॉलिशची घेतली होती. दोन्हींचे नमुने वेगळे पाठवले. २१० पोत्यांत शिसे ०.४ निघाले, ११० पोत्यांत ७.४. त्याच अहवालात क्रोमियमही होते, आणि दोन मालांतला फरक पाहिला तर शिसे आणि क्रोमियम साधारण चारास एक या प्रमाणात वाढले होते. रसायनशास्त्राचे जुने पुस्तक उघडले तरी याचा अर्थ लागतो : लेड क्रोमेटमध्ये हे दोन धातू वजनाने जवळपास याच प्रमाणात असतात. लेड क्रोमेट म्हणजे पिवळे रंगद्रव्य. फिकट हळकुंडांना झळाळी यावी म्हणून पॉलिश करताना ते वापरण्याची वाईट सवय भारतीय उपखंडात जुनी आहे.

पण येथे एक गोष्ट जुळत नव्हती, आणि प्रकरणातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. मुलीने अहवालाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने हिशोब मांडला. ११० पोती म्हणजे ५,५०० किलो. किलोला ७ मिलिग्रॅम जादा शिसे म्हणजे सुमारे ११ मिलिग्रॅम लेड क्रोमेट. सगळ्या मालात मिळून साठ ग्रॅम. हे द्रव्य जड असते; साठ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. साडेपाच टन हळदीला दोन-तीन चमच्यांनी रंग येत नाही. ज्याला रंग चढवायचा आहे तो इतके कमी घालणार नाही.

ती ११० पोती ज्याच्याकडे पॉलिश झाली त्या पॉलिशवाल्याकडे आण्णा स्वतः गेले. तो जुन्या ओळखीचा माणूस, आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला की एप्रिलमध्ये बाहेरच्या एकाचा माल आला होता, त्याने आपली भुकटी आपणच आणली होती, मी फक्त ड्रम फिरवला. मग ड्रम धुतला का, असे आण्णांनी विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर आण्णांनी मला शब्दशः सांगितले : "हळदीचा ड्रम कोण धुतंय, आण्णा?" जाळीच्या कडांत, बोल्टांच्या खाचांत राहिलेले ते दोन-तीन चमचे पुढच्या मालाला लागले होते.

फसवणूक म्हणावी तर या माणसाने या मालाला केलेली नव्हती. निष्काळजीपणा म्हणावा तर सगळा बाजार त्याच निष्काळजीपणाने चालतो.

बावीस दिवस

६ जूनला पहिला अहवाल आला, २८ जूनला हॅम्बुर्गला पत्र गेले. मधल्या काळात पेढीवर जे झाले ते एकाच बैठकीत मांडल्यासारखे सांगता येणार नाही, कारण ते जेवताना, गाडीत, सौद्याच्या गडबडीत, तुकड्यातुकड्याने झाले.

काकांचे पहिले म्हणणे सरळ होते. "सरकार दहा म्हणतंय. आपल्यात तीन बी नाही. मग चुकलं कुणाचं?" त्यांना खरोखरच असे वाटत होते की युरोपवाले मुद्दाम काटे टाकतात. तासगावच्या द्राक्षांचे २०१० साल त्यांच्या डोळ्यांसमोर होते : क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले म्हणून त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. परदेशी मर्यादा ही व्यापार अडवण्याची युक्ती असू शकते हे खरेच आहे, आणि काकांचा संशय मूर्खपणाचा नव्हता.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. गोदामात स्वच्छ माल पडून होता. ११० पोत्यांत आणखी सुमारे सहाशे पोती मिसळली तर सरासरी १.५ च्या खाली येते आणि दोन कंटेनर निघतात. हा हिशोब काकांनी तोंडी केला आणि तो बरोबर होता. मुलीने युरोपीय नियमातले कलम दाखवले : मर्यादेबाहेरचा माल मर्यादेतल्या मालात मिसळून खाली आणण्यास मनाई आहे. "कळणार कुणाला?" असे काकांनी विचारले, आणि कळणार नव्हतेच. याहून सोपी वाट होती ती कुणी उघडपणे बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात होती : केवळ २१० पोत्यांतून नमुना काढायचा. अहवाल ०.४ चा आला असता, बँकेने पैसे दिले असते. आण्णांनी मला सांगितले की त्या आठवड्यात एका रात्री त्यांनी गोदामाची किल्ली उशाखाली घेतली होती. कुणावर संशय होता, असे मी विचारले. "माझ्यावरच," ते म्हणाले.

तिसरी वाट बहुतेक सगळ्यांना शहाणपणाची वाटली. ११० पोती बाजूला काढायची, तेवढी नवी स्वच्छ घ्यायची, हॅम्बुर्गला उत्तम माल पाठवायचा आणि ही ११० इथल्या दळणवाल्याला विकायची. कायदा मोडत नाही, ग्राहक फसत नाही, नुकसानही होत नाही. आण्णा या बाजूचे होते. माझ्या वर्गातले विद्यार्थीही पहिल्या तासाला जवळजवळ एकमताने येथेच थांबतात.

मुलगी मात्र येथे अडली, आणि तिच्या शिक्षणाचा हात मला येथे दिसतो. व्यवसायनीतीच्या वर्गात दुहेरी मापदंडाचा प्रश्न हमखास शिकवतात, आणि त्याचे उदाहरण म्हणून डिसेंबर १९८४ चे भोपाळ येते : परदेशी कंपनी आपल्या देशात जितकी काळजी घेते तितकी गरीब देशातल्या कारखान्यात घेते का? अशा उदाहरणांत मापदंड दोन करणारा नेहमी बाहेरचा असतो. मुलीच्या लक्षात आले की या पेढीवर बाहेरचा कुणीच नाही. हॅम्बुर्गच्या माणसाला ०.४ आणि मिरजेच्या माणसाला ७.४, ही वाटणी मिरजेचीच माणसे करणार होती. पेटंटवरच्या निबंधात तिने हळद कुणाची याबद्दल पानेच्या पाने लिहिली होती. हळद कुणाच्या पोटात किती जाते, याबद्दल एक ओळ नव्हती. जर्मन घरात चिमूटभर हळद महिन्यातून कधीतरी लागते. आपल्याकडे ती रोजच्या आमटीत, भाजीत, आजारी मुलाच्या दुधात असते. मर्यादा जिथे अधिक कडक हवी तिथेच ती सैल आहे, हे तिने काकांना सांगितले. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हेही सांगितले. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग सरकारला पत्र लिही. पेढीला का बुडवतीस?"

या प्रश्नाला तिच्याकडे चांगले उत्तर नव्हते, हे तिनेच मला कबूल केले. त्या रात्री तिने भारतीय नियम पुन्हा मुळातून वाचले. दूषित घटकांच्या नियमात १० मिलिग्रॅमचा आकडा होताच. पण पदार्थांच्या मानकांच्या वेगळ्या नियमावलीत, हळदीच्या व्याख्येखाली, दुसरी ओळ होती : हळद लेड क्रोमेटपासून मुक्त असली पाहिजे. म्हणजे शिसे दहापर्यंत चालेल, पण ते या पिवळ्या भुकटीतून आलेले चालणार नाही. काका ज्याला कायदा म्हणत होते तो निम्माच कायदा होता. किलोला ११ मिलिग्रॅम इतके थोडे द्रव्य नेहमीच्या साध्या चाचणीत दिसले असते असेही नाही, त्यामुळे पकडले जाण्याची भीती वाढली नाही. "कायदेशीर आहे" हे वाक्य मात्र घरात पुन्हा कुणी उच्चारले नाही.

यानंतर काकांनी शेवटचा पर्याय काढला. खाण्यासाठी नको ना, मग भंडाऱ्याला देऊ. आपल्या भागात भंडारा थोडाथोडका लागत नाही. पालीच्या खंडोबाची पौषातली यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तारळी नदीचे दोन्ही काठ कसे पिवळे होतात हे सांगायला नको. दर कमी मिळाला असता, पण माल निघाला असता. हे बोलणे चालले असताना पेढीचे दिवाणजी शेजारी खतावणी लिहीत होते. चाळीस वर्षे नोकरी, मालकांच्या बोलण्यात कधी तोंड न घालणारे, घराणे पालीच्या खंडोबाचे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मालक, ती देवाच्या अंगावर जाणार. आणि पोरं ती चाटत्यात."

आण्णांच्या सांगण्याप्रमाणे निर्णय त्या क्षणी झाला. मुलीच्या सांगण्याप्रमाणे तो तिने आधीच घेतला होता. काका म्हणतात निर्णय झालाच नाही, बोलणे बंद झाले एवढेच. तिन्ही बाजू मी वर्गात तशाच ठेवतो. प्रकरण अभ्यास लिहिण्याची जी पद्धत रूढ आहे तिच्यात एक नायक लागतो, त्याच्यासमोर एक टेबल आणि एक तारीख लागते. आपल्याकडच्या पेढ्यांवर निर्णय असा एकट्याच्या टेबलावर क्वचित होतो.

पत्र आणि त्यानंतर

२८ जूनला मुलीने खरेदीदाराला सगळे लिहिले : दोन्ही आकडे, ड्रमची हकिकत, माल बदलून देण्याची तयारी आणि जहाजाची तारीख वाढवण्याची विनंती. हे पत्र तिने काकांना न दाखवता पाठवले. ही तिची चूक होती असे माझे स्पष्ट मत आहे. भागीदारीत एकाच्या सहीने सगळे बांधले जातात, आणि ज्या पारदर्शकतेची ती हॅम्बुर्गला हमी देत होती ती तिने शेजारच्या गादीवर बसलेल्या माणसाला दिली नाही. काका महिनाभर पेढीवर आले नाहीत, सौदे आण्णांना करावे लागले आणि दोनदा महाग पडले.

खरेदीदाराने चार दिवसांनी उत्तर दिले. तारीख वीस दिवसांनी वाढवली, त्याचा बँकखर्च पेढीवर टाकला, नमुना त्रयस्थ संस्थेच्या माणसाने काढावा अशी अट घातली आणि दरात तीन टक्के सूट मागून घेतली. आभाराची एक ओळ होती. माल जुलैमध्ये न्हावाशेव्याहून गेला, अडचणीविना उतरला. पुढच्या हंगामात त्या खरेदीदाराने भाव विचारला आणि ऑर्डर दुसरीकडे दिली. प्रामाणिकपणाचे फळ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची येथे निराशा होते. काहीजण मला विचारतात की पत्र लिहिलेच नसते तर ऑर्डर मिळाली असती का. याचे उत्तर कागदांत नाही.

११० पोत्यांची किंमत क्विंटलला सुमारे आठ हजारांप्रमाणे चार लाख चाळीस हजार होते. त्यातले सव्वा लाख पॉलिशवाल्याने मजुरीतून वळते करून द्यायचे कबूल केले. उरलेले कुणाच्या भागात टाकायचे यावर दोघा भावांत वाद झाला आणि शेवटी दिवाणजींनी खतावणीत एक नवे खाते उघडले. हळद वाळून वजन कमी होते त्याला बाजारात घट म्हणतात, आणि ती दोघांत सारखी वाटली जाते. खात्याचे नाव त्यांनी ठेवले 'हॅम्बुर्ग घट'. काकांनी ते वाचले, हसले आणि सही केली.

जे केले गेले नाही

एका गोष्टीवर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि ती पेढीच्या तिघांनाही आवडलेली नाही. तो ड्रम एप्रिल ते जून फिरत होता. पेढीच्या ११० पोत्यांच्या आधी आणि नंतर त्यात इतरांचाही माल गेला असणार. ड्रम पॉलिशवाल्याने पुढे उघडून घासून घेतला, आण्णांनी समोर उभे राहून तो घासवला. पण आपापला माल तपासा असे इतर व्यापाऱ्यांना कुणी सांगितले नाही. आण्णांचे म्हणणे असे की एका माणसाचा धंदा बसला असता आणि सांगलीच्या हळदीचे नाव गेले असते. २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख त्यांनी दोनदा केला. मुलीचे म्हणणे असे की तिने एकदा विषय काढला आणि मग थकून सोडला.

बांगलादेशाचे उदाहरण मी येथे समोर ठेवतो, कारण ते याच पिवळ्या भुकटीचे आहे. तेथे २०१९ मध्ये अभ्यासकांनी हळदीतल्या लेड क्रोमेटचा माग लावला आणि तो जाहीर केला. अन्न सुरक्षा यंत्रणेने घाऊक बाजारात तपासणी केली, दंड केले, दुकानादुकानांवर सूचना लावल्या. बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत आढळणारे शिसे २०२१ पर्यंत शून्यावर आले. तिथे कुणा एका पेढीने आपला माल स्वच्छ केला म्हणून हे झाले नाही. गोष्ट चारचौघांत बोलली गेली म्हणून झाले. आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या अभ्यासात परक्या देशाचा ग्राहक, परका कायदा, परकी भाषा यांची तयारी करून घेतात, आणि मुलीची ती तयारी चांगली झाली होती. हॅम्बुर्गला खरे लिहिणे तिला जमले. यार्डातल्या पलीकडच्या गाळ्यात जाऊन तेच सांगणे जमले नाही. तिच्या प्रबंधात या प्रसंगावर एक प्रकरण आहे; त्यात ड्रमवर दीड पान आहे, गाळ्यावर काहीच नाही. मी तिला हे दाखवले तेव्हा तिने ते मान्य केले.

वर्ग संपताना एक प्रश्न हटकून येतो : त्या पोत्यांचे काय झाले? विकली नाहीत, हे ठरले. जाळावीत तर धूर, पुरावीत तर माती, नदीकाठच्या गावात पुराची भीती. पॉलिशवाल्याला परत द्यावीत तर तो ती कुठे घालील याचा नेम नाही. गेल्या महिन्यात मी गोदामात गेलो होतो. मागच्या भिंतीला, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, लाकडी फळ्यांवर अकरा थरांची थप्पी आहे, वर निळी ताडपत्री, आणि पहिल्या पोत्यावर दिवाणजींच्या वळणदार अक्षरात गेरूने लिहिले आहे : विकू नये. नव्या हमालाला वाचता येत नाही असे कळल्यावर त्यांनी तिथे एक गाठ मारलेली लाल दोरीही बांधली आहे.